उगल्यांचं विरजण

जुनी बाटली कुणी मागितली नव्हती. यमुनाबाईनं ती आपणहून आणली, पदरानं पुसली आणि मशीनशेजारी ठेवली.

"ही कशाला, काकू?" ईश्वरी सातपुते म्हणाली. कृषी खात्याची ही पोरगी जेमतेम तिशीची, पण दिंडोरी तालुक्यातल्या चाळीस लहान वाईनवाल्यांचं पुढचं ठरायचं ते तिच्या सहीनं ठरणार होतं. "आजच्या टाकीतला एक थेंब पुरतो मला."

"असू दे. माझ्या सासऱ्यांच्या हातची आहे, दोन हजार एकोणीस सालची. तळाला साका बसलाय बघ. तुझ्या मशीनला एखादं जुनं माणूसही भेटू दे."

करंजटेकच्या समाजमंदिरात जमलेली मंडळी हसली. वाईन उत्पादक संघाचे अध्यक्ष रावसाहेब मोगल म्हणाले, "वहिनी, परीक्षेला सासऱ्यालाही घेऊन आल्या का?"

"आहेत म्हणून आणले. ज्याच्याकडं पुडीतलं यीस्ट आहे त्यानं पुडी आणावी."

मागच्या बाकावर यमुनाबाईची धाकटी जाऊ कलावती मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसली होती. ती हसली नाही. ती संघाची सभासदही नव्हती. वर्षाला तीनशे बाटल्या काढणाऱ्या बाईला वाईन उत्पादक कसं म्हणायचं, असं सात वर्षांपूर्वी संघाच्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं. ते कुणीतरी म्हणजे यमुनाबाईच. पण नव्या नियमानं ज्याच्या घरी रस आंबतो त्या प्रत्येकाला नमुना द्यावा लागणार होता, म्हणून कलावती आली होती.

हा नियम आकाशातून पडला नव्हता. वीस वर्षं लहान वाईनवाले एकच रड गात होते: आमची वाईन म्हणजे शेतमाल धरा. गूळ शेतमाल, बेदाणा शेतमाल, मग आमच्याच रानातल्या द्राक्षाचा आमच्याच शेडमध्ये आंबवलेला रस तेवढा दारू कसा? शेवटी सरकारनं मानलं. नवं धोरण आलं. 'स्वतंत्र उत्पादक' अशी नोंद झाली की दाराशी दारूचा इन्स्पेक्टर येणार नाही, विजेचा दर शेतीचा, टाकीतल्या मालाला पीकविमा, आणि बांधावरून थेट विक्री. नोंद नसली तर तीच टाकी दारूचा कारखाना, कुलूप आणि परवान्यासकट.

अडचण एवढीच होती की बड्या कंपन्या कागदावर पन्नास तुकडे करून पन्नास लहान शेतकरी होऊ शकत होत्या. खोटा शेतकरी ओळखायचा कसा? नाशिकच्या सुनावणीत साहेबलोक डोकं खाजवत बसले, तेव्हा यमुनाबाई उभी राहिली होती. "साहेब, सातबारा विकत मिळतो, माणूस विकत मिळतो. पिढीजात विरजण विकत मिळत नाही. ते तपासा." साहेबांना ते पटलं. टाळ्या पडल्या. धोरणात ती अट आली ती अशी.

विरजण म्हणजे किण्व, ज्याला बाजारात यीस्ट म्हणतात. डोळ्याला न दिसणारा जीव. द्राक्षाच्या सालीवर असतो, शेडच्या भिंतीवर असतो. रसातली साखर खातो, त्याची वाईन करतो आणि स्वतःसारखे आणखी जीव काढत राहतो. नवा जीव निघताना जुन्याच्या अंगातली अक्षरं उतरवून घ्यावी लागतात, एक कोटीच्या वर अक्षरं. नुकतीच बाराखडी शिकलेल्या माणसानं पोथी उतरवावी तसं कुठंतरी एखादं अक्षर चुकतं. ती चूक मग त्या प्रतीवरून निघालेल्या सगळ्या प्रतींत जाते. ईश्वरीचं मशीन टिफिनच्या डब्याएवढं होतं. ते या चुका वाचायचं आणि कोण कुणापासून निघालं याची वंशावळ पडद्यावर काढायचं. मेलेल्या किण्वाचीही अक्षरं ते वाचू शकत होतं, साका तेवढा तळाशी हवा.

नियम असा होता: एका किण्वाचा एकच मूळधारक. ज्याच्याकडं ते सर्वांत आधीपासून, मध्ये न तुटता, जिवंत आहे तो. दुसऱ्या कुणाकडं तेच किण्व असेल तर मूळधारकाच्या लेखी संमतीनं त्यानं जोडधारक व्हायचं. संमती नसेल तर टाकी बंद.

करंजटेकमध्ये एके काळी अकरा घरांत यमुनाबाईच्या सासरचं, उगल्यांचं विरजण होतं. आता दोनच घरं उरली होती, दोघी जावांची. म्हणून यमुनाबाई निर्धास्त होती. थोरल्या घरातलं विरजण थोरलं, त्यात मशीन काय वेगळं सांगणार.

चाळीस मिनिटांनी ईश्वरीनं पडदा स्वतःकडं वळवला. "काकू, जरा बाहेर येता?"

चिंचेखाली तिनं पडदा दाखवला. एक जाड रेघ, तिला एक फांदी, त्या फांदीला आणखी एक फांदी. "ही जाड रेघ तुमच्या जुन्या बाटलीतली. तिच्यापासून ही कलावतीकाकूंची निघाली. हे बरोबर आहे ना?"

"वाटणी झाली तेव्हा मीच दिलं तिला. लोटीभर."

"आणि तुमची आजची टाकी या इथून निघालीय. कलावतीकाकूंच्या फांदीवरून. पाच वर्षांपूर्वी, अगदी थोड्याशा किण्वापासून. तुमची जुनी रेघ तिथंच संपते." पोरीनं आवाज खाली आणला. "तुमच्या रानातल्या भाषेत सांगायचं तर वेल त्यांची आणि तिच्यावरून लावलेली काडी तुमची. ही बाटली नसती ना, तर मला नुसत्या दोन नमुन्यांवरून कोण कुणाचं हे नक्की सांगताच आलं नसतं. मी दोघींना जोडधारक करून टाकलं असतं."

यमुनाबाई पडद्याकडं बघत राहिली. "आता ती बाटली वाचलीच नाही असं धर."

"नोंद वर गेली, काकू. मशीन थांबत नाही."

पाच वर्षांपूर्वीचा मे महिना. ट्रान्सफॉर्मर जळाला, पाच दिवस वीज नाही, शेडमध्ये सेहेचाळीस अंश. वर्षभर विरजण जिवंत ठेवायची थंड टाकी तिनं हौसेनं घेतली होती. त्या टाकीनंच दगा दिला. सहाव्या दिवशी झाकण उघडलं तर कुजका वास आला. बाटलीच्या लेबलवर तर ठसठशीत छापलं होतं: '२००९ पासून, एका दिवसाचाही खंड नाही.'

भर दुपारी, कुत्रंही बाहेर नसताना, यमुनाबाई बांधाबांधानं कलावतीकडं गेली. कलावतीचं विरजण विहिरीच्या काठाला पुरलेल्या रांजणात असायचं. त्याला ना वीज, ना टाकी. दोघी चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, वाटणीत कातळाचं रान धाकटीच्या गळ्यात घातलं तेव्हापासून. यमुनाबाईनं काही सांगितलं नाही, बरणी पुढं केली. कलावतीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, बरणी भरली आणि वर चिमूटभर साखर टाकली. विरजण देताना टाकतात तशी. या कानाचं त्या कानाला कळलं नाही.

यात काही तुटलं असं यमुनाबाईला कधी वाटलंच नाही. आपलं दही संपलं की शेजारणीकडून विरजण आणतो, त्याचं दही लागलं की ते आपलंच दही. त्यातही हे मूळचं आपलंच, दिलेलं परत आलं. म्हणून तर ती छाती पुढं काढून बाटली घेऊन आली होती.

समाजमंदिराच्या फळ्यावर संध्याकाळी कागद लागला. त्यावर एवढंच होतं: उगले किण्व, मूळधारक श्रीमती कलावती उगले. का, कसं, ते नव्हतं. गावानं ते आपलं आपण भरून घेतलं. कलावतीनं डबा बदलला. थोरलीच्या टाकीतलं चोरून आणलं आणि आपलं म्हणून दिलं. नाहीतर तीनशे बाटल्यावाली मूळधारक होते कशी? हे बोलणं यमुनाबाईनं सुरू केलं नव्हतं. पण दुकानात, दळणाच्या रांगेत तिच्यासमोर ते निघालं तेव्हा ती पिशवीची गाठ सोडत बसली.

संमतीला तीस दिवस होते. विसाव्या दिवशी तिची लेक धनश्री म्हणाली, "आई, जातेस का मीच पुन्हा जाऊ?" टाक्या आता धनश्रीच सांभाळायची. मुंबईची नोकरी सोडून ती आली होती ती याच टाक्यांसाठी.

यमुनाबाई गेली. कलावती रांजणाजवळ बसून चोथा गाळत होती. कोपरापर्यंत हात जांभळे.

"ये म्हणावं का या म्हणावं?" कलावती म्हणाली. "आता मी मूळधारक आहे म्हणे."

"टोमणे मार. माझी पाळी आहे ऐकायची."

"बसा बाई. उन्हाचं आलात." तिनं पाट सरकवला. "सहीसाठी आलात ना? देते. कागद धनश्रीनं परवाच आणून दिलाय. तिला म्हटलं, आईला पाठव."

यमुनाबाईला एवढ्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. "कला, तू..."

"आधी ऐका. गाव म्हणतंय मी डबा बदलला. परवा मोगलांची सून माझ्यासमोर म्हणाली, डब्याला तोंड असतं तर बोललं असतं. मी ते का ऐकून घ्यायचं?"

"मी नाही असलं बोलले कुणाला."

"तुम्ही बोलल्या नाहीत. गप बसल्या." कलावतीनं फडकं पिळलं. "सोमवारी संघाची बैठक आहे. तिथं उभं राहून सांगा, माझं विरजण मेलं होतं, मी कलाकडून आणलं. एवढंच. कातळाचं रान नको, माफी नको. तिथंच सही करते."

"चाळीस लोकांत?"

"चाळीस लोकांतच मला सभासद करायचं नाही म्हणालात. मला सगळं कळतं बाई, उशिरा कळत असेल."

बांधावरून परतताना यमुनाबाई तेच वाक्य मनात म्हणत होती. लहान वाक्य होतं. माझं विरजण मेलं होतं, मी कलाकडून आणलं. घरी धनश्रीनं विचारलं, "मग?"

"करते म्हणाली सही."

"कशावर?"

आईनं सांगितल्यावर धनश्रीनं फळीवरची बाटली उचलली आणि लेबल वाचलं. मग म्हणाली, "हे खरंय?" आणि आईनं मान हलवल्यावर, "लेबल मी छापलंय आई. माझ्या हातानं. बरं. एका वाक्याचं काम आहे, सांगून टाक. लेबल नवं छापू."

सोमवारी समाजमंदिर भरलं होतं. कलावती पुढच्या रांगेत बसली, पहिल्यांदाच. मांडीवर संमतीचा कागद आणि पेन. सातपुते मॅडमही आली होती. रावसाहेब म्हणाले, "वहिनींना दोन शब्द बोलायचेत."

यमुनाबाई उभी राहिली. नाशिकला शंभर साहेबांपुढं तिचा आवाज कापला नव्हता. इथं समोर ओळखीचे चेहरे. त्यातल्या निम्म्यांना तिनं कधी ना कधी सुनावलं होतं, पुडीवाले म्हणून.

"ते मशीनचं," ती म्हणाली. "लोक काहीबाही बोलतात. तसं बोलू नये. आम्ही एका घरातल्या. विरजणाचं काय, ते इकडून तिकडं जातच असतं. कधी तिनं माझ्याकडून नेलं, कधी... कधी मी. कुणाचं कोणतं, हे आपण बायका कुठं लक्षात ठेवतो?"

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे डबा बदलला, का नाही बदलला?"

हशा झाला. यमुनाबाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात रावसाहेब उठले. "बास, बास. वहिनींचं मन मोठं. घरातली गोष्ट पदराखाली झाकतात. याला म्हणतात थोरलेपणा." आणि त्यांनी टाळी वाजवली. सगळ्यांनीच वाजवली.

अजून वेळ होता. टाळ्या थांबल्या असत्या, ती म्हणू शकली असती की रावसाहेब, तसं नाही. धनश्री दारातून तिच्याकडं टक लावून बघत होती. कलावतीही बघत होती, पेन हातात, टोपण काढलेलं. टाळ्या थांबल्या. यमुनाबाई पदर सारखा करून खाली बसली.

कलावतीनं पेनाचं टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि ती माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी धनश्री तिच्याकडं जाऊन आली, तिसऱ्या दिवशी ईश्वरी सातपुतेही गेली. ईश्वरीनं तिला समजावलं की यात नुसती थोरलीच बुडणार नाही. स्वतंत्र उत्पादकाला वर्षाला निदान दोन हजार लिटर लागतात. रांजणातली वाईन सव्वादोनशे लिटर. थोरलीच्या टाक्या जोडीला आल्या तर नऊ हजार होतात, नाहीतर मूळधारक असूनही कलावतीची नोंद रद्द.

"ठाऊक आहे मला," कलावती म्हणाली. "कागद पूर्ण वाचलाय मी. वेळ लागला, पण वाचला."

"मग करा ना सही, काकू. तुमचंही वाचेल."

"दोन हजार लिटरसाठी चोर म्हणवून घेऊ? आणि वर त्यांच्या मोठ्या मनाखाली राहू?"

तीस दिवस संपले. खात्याची गाडी आली. संमती नसलेलं किण्व जिवंत ठेवता येत नाही, असा नियम. यमुनाबाईच्या टाक्यांत वाफ सोडली. वाफेचा कॉक धनश्रीनं स्वतः फिरवला, खात्याच्या माणसाला हात लावू दिला नाही. त्याच दुपारी, नोंद रद्द झाली म्हणून, विहिरीच्या काठचा रांजणही उपसला. दोन्हीकडचं मिळून बोटाएवढ्या नळीत भरून ईश्वरीनं नेलं, पुण्याच्या शीतपेटीत ठेवायला. उणे ऐंशी अंश. तिथं ते मरणार नाही आणि वाढणारही नाही. मूळधारक नसलेलं किण्व सरकारजमा होतं आणि वर्षानं सर्वांना खुलं. सर्वांना म्हणजे ज्याच्याकडं दारूच्या कारखान्याचा परवाना आणि मोठ्या टाक्या आहेत त्याला.

जाताना ईश्वरी यमुनाबाईच्या ओट्यावर टेकली. "काकू, हा नियम लिहिताना आम्ही असं धरलं होतं की ज्याचं विरजण जुनं, त्याचं ते सलग असणार. कुणी कुणाला देतं, परत आणतं, हे मशीनला कळतं. आम्हाला नव्हतं कळलं."

"मला कळत होतं," यमुनाबाई म्हणाली. "अट मीच घातली."

धनश्रीनं पावसाळ्यापर्यंत वाट पाहिली आणि नाशिकच्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. भांडण झालं नाही. रविवारी फोन यायचा. टाक्यांचं दोघी बोलायच्या नाहीत.

फेब्रुवारीत द्राक्षं तयार झाली. आंबवायचं नाही म्हटल्यावर घड फाट्यावरच्या कंपनीला घालायचे, दुसरा रस्ता नव्हता. सकाळी सात वाजल्यापासून फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग. यमुनाबाई क्रेटच्या कडेला उभी होती. तिच्या पुढं एकच ट्रॅक्टर होता आणि त्यावर कलावती होती. कातळावरचे घड लहान, पण काळेभोर. वर्षभरात दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या नव्हत्या.

काट्याजवळ टॅब घेऊन एक कारकून बसला होता. "नाव?"

"कलावती उगले."

"मागं कोण?"

"यमुनाबाई उगले," ड्रायव्हरनं ओरडून सांगितलं.

"एकाच घरातल्या का? दोन्ही माल एकत्र धरतो मग. एकच जात, एकच गाव. उगीच दोन नोंदी कशाला."

कलावतीनं मागं पाहिलं नाही. "त्यांना विचारा," ती म्हणाली. "सांगायचं काम त्यांचं आहे. मोठं मन त्यांचं."

कारकून यमुनाबाईकडं बघू लागला. ती दोन पावलं पुढं आली. रांगेतल्या ड्रायव्हरांनीही माना वळवल्या. त्यात करंजटेकचं कुणी नव्हतं.

"माझं विरजण मेलं होतं," यमुनाबाई म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात. मी हिच्याकडून आणलं. हिनं कधी काही चोरलं नाही. मीच आणलं."

आवाज चांगला स्पष्ट लागला होता. समाजमंदिराच्या शेवटच्या बाकापर्यंत गेला असता.

कारकुनानं टॅबवर बोट आपटलं. "कसलं विरजण, मावशी?" तो म्हणाला. "दही कुठंय इथं? एकत्र का वेगळं, तेवढं सांगा. मागं लाईन बघा केवढी लागलीय."

यमुनाबाई कलावतीच्या पाठीकडं बघत राहिली. कलावतीनं ऐकलं होतं. ट्रॅक्टरच्या कडीवरचा तिचा हात आवळला, मग सैल झाला. पुढचा काटा मोकळा झाला होता.

"वेगळं धरा," कलावती म्हणाली, आणि तिनं ड्रायव्हरला ट्रॅक्टर पुढं घ्यायला सांगितलं.